भिन्न मेमरी मॉड्यूलांचे मिश्रण

भिन्न मेमरी मॉड्यूलांचे मिश्रण म्हणजे एकाच संगणकात वेगवेगळ्या उत्पादकांची, क्षमतांची, वेगांची किंवा अंतर्गत रचनांची रॅम मॉड्यूले एकत्र बसवणे. जुन्या संगणकाची स्मृती वाढवताना मूळ मॉड्यूल तसेच ठेवून रिकाम्या स्लॉटमध्ये नवे मॉड्यूल बसवले जाते, तेव्हा बहुधा असे मिश्रण घडते. पुष्कळदा ते कोणत्याही तक्रारीविना चालते. काही वेळा मात्र संगणक सुरूच होत नाही, मध्येच बंद पडतो किंवा गोठतो, अथवा कोणताही संदेश न देता फायलींमध्ये चुकीची विदा लिहितो.

मॉड्यूल स्लॉटमध्ये नीट बसले, संगणक सुरू झाला आणि वाढलेली क्षमता पडद्यावर दिसली, एवढ्यावरून मॉड्यूले परस्परांशी सुसंगत आहेत असे सिद्ध होत नाही. सुरू होताना संगणक स्मृतीची अत्यंत त्रोटक तपासणी करतो. उष्णता, भार आणि दीर्घ वापर यांखाली उघड होणारे दोष त्या तपासणीत सापडत नाहीत. त्यामुळे अशा बिघाडाचे निदान क्रमाक्रमाने, एका वेळी एकच बदल करून करावे लागते.

## पार्श्वभूमी

संगणकाच्या मुख्य स्मृतीत डायनॅमिक रॅम, म्हणजेच डीरॅम, वापरली जाते. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र यांनी बनलेल्या तिच्या पेशीचे पेटंट आयबीएममधील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये मिळाले. इंटेलने १९७० मध्ये ११०३ ही एक किलोबिट क्षमतेची डीरॅम चिप बाजारात आणली आणि त्यानंतर चुंबकीय कड्यांच्या स्मृतीची जागा अर्धवाहक स्मृतीने घेतली.

धारित्रातील विद्युतप्रभार सतत गळत असतो. त्यामुळे साठवलेली माहिती टिकवण्यासाठी प्रत्येक ओळ ठरावीक काळात पुन्हा भरावी लागते. डीडीआर४ स्मृतीत सामान्य तापमानाला हा काळ ६४ मिलिसेकंद असतो. ओळ उघडणे, तिच्यातील स्तंभ वाचणे, ओळ बंद करणे आणि पुनर्भरण करणे या प्रत्येक क्रियेला किमान काही नॅनोसेकंद द्यावे लागतात. हा किमान अवधी चिपच्या घडणीनुसार बदलतो. स्मृती नियंत्रकाने त्याहून कमी वेळ दिल्यास प्रभार पूर्णपणे ओळखला जाण्याआधीच वाचन होते आणि शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य वाचले जाण्याची शक्यता निर्माण होते.

पूर्वी स्मृती नियंत्रक मदरबोर्डवरील स्वतंत्र चिपमध्ये असे. एएमडीने २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून डेस्कटॉप संगणकांच्या प्रोसेसरमध्येच तो समाविष्ट करण्यास सुरुवात केली. त्यामुळे आज मॉड्यूलांची सुसंगती प्रोसेसर, मदरबोर्ड, बायोस आणि स्वतः मॉड्यूले अशा चारही घटकांवर अवलंबून असते.

## पिढ्या आणि भौतिक सुसंगती

डीरॅमची मानके जेडेक ही संस्था प्रसिद्ध करते. डीडीआर स्मृतीच्या वेगवेगळ्या पिढ्या एकमेकींशी सुसंगत नाहीत. त्यांचे विद्युतदाब वेगळे असतात आणि चुकीचे मॉड्यूल बसू नये म्हणून त्यांच्या कडेवरील खाचेची जागाही बदललेली असते.

| पिढी | मानक प्रसिद्ध झाल्याचे वर्ष | डेस्कटॉप मॉड्यूलवरील संपर्कबिंदू | लॅपटॉप मॉड्यूलवरील संपर्कबिंदू | मानक विद्युतदाब |
|---|---|---|---|---|
| डीडीआर | २००० | १८४ | २०० | २.५ व्होल्ट |
| डीडीआर२ | २००३ | २४० | २०० | १.८ व्होल्ट |
| डीडीआर३ | २००७ | २४० | २०४ | १.५ व्होल्ट |
| डीडीआर४ | २०१२ | २८८ | २६० | १.२ व्होल्ट |
| डीडीआर५ | २०२० | २८८ | २६२ | १.१ व्होल्ट |

डीडीआर२ आणि डीडीआर३, तसेच डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या डेस्कटॉप मॉड्यूलांवरील संपर्कबिंदूंची संख्या सारखी असली, तरी खाच वेगळ्या ठिकाणी असते. मॉड्यूल सहज बसत नसेल तर जोर लावू नये. काही मदरबोर्डांवर दोन पिढ्यांचे स्लॉट शेजारी शेजारी दिलेले असत. मात्र त्यांतही एका वेळी एकाच पिढीची मॉड्यूले वापरता येत.

डीडीआर३ च्या काळात १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३एल ही कमी दाबाची आवृत्ती आली. डीडीआर३एल मॉड्यूले १.५ व्होल्टवरही चालतात. परंतु केवळ १.५ व्होल्टसाठी बनवलेली मॉड्यूले १.३५ व्होल्टवर चालतीलच असे नाही. अनेक लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्ट पुरवतात. अशा लॅपटॉपमध्ये साधे डीडीआर३ मॉड्यूल व्यवस्थित बसते, पण संगणक सुरू होत नाही किंवा अस्थिर चालतो.

## बिघाडाची कारणे

### वेळमापांतील फरक

प्रत्येक मॉड्यूलवर एसपीडी नावाची एक लहान चिप असते. मॉड्यूलची क्षमता, मान्य वेग आणि किमान वेळमापे तिच्यात नोंदलेली असतात. संगणक सुरू होताना बायोस सर्व मॉड्यूलांच्या एसपीडी नोंदी वाचतो आणि सर्वांना झेपेल असा सामाईक वेग व सामाईक वेळमापे ठरवतो. सामान्यतः सर्वांत मंद मॉड्यूलचा वेग सर्वांना लागू होतो.

उदाहरणार्थ, डीडीआर४-२४०० सीएल१७ आणि डीडीआर४-३२०० सीएल२२ ही दोन मॉड्यूले एकत्र बसवली असे समजू. पहिल्याचे क्लॉक आवर्तन ०.८३३ नॅनोसेकंदाचे असते. म्हणून १७ आवर्तनांचा विलंब सुमारे १४.१७ नॅनोसेकंद होतो. दुसऱ्याचे आवर्तन ०.६२५ नॅनोसेकंदाचे असल्याने २२ आवर्तनांचा विलंब १३.७५ नॅनोसेकंद होतो. दोन्ही मॉड्यूले २४०० वर चालवल्यास दुसऱ्याला १६.५, म्हणजे पूर्णांकात १७ आवर्तने पुरतात. अशा प्रकारे २४०० सीएल१७ ही दोघांनाही चालणारी जुळणी ठरते. यावरून आवर्तनांची संख्या मोठी दिसली म्हणजे मॉड्यूल मंद असते असे नव्हे, हेही लक्षात येते.

ही पद्धत मुख्य वेळमापांसाठी बहुधा यशस्वी होते. मात्र नियंत्रकाला त्यांखेरीज अनेक दुय्यम वेळमापे ठरवावी लागतात. त्यांपैकी काही एसपीडीत नसतात. मदरबोर्डचा बायोस ती अंदाजाने किंवा प्रत्यक्ष चाचणीने ठरवतो. सुरू होताना केल्या जाणाऱ्या या जुळवाजुळवीला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एका मॉड्यूलला अनुकूल ठरलेली मूल्ये दुसऱ्याच्या सहनशक्तीच्या अगदी काठावर येत असतील, तर संगणक कधी व्यवस्थित चालतो आणि कधी कोसळतो.

### ओव्हरक्लॉकिंग प्रोफाइल

मिश्रणानंतरच्या बिघाडांचे एक नेहमीचे कारण म्हणजे एक्सएमपी किंवा एक्सपो प्रोफाइल. इंटेलने डीडीआर३ च्या काळात एक्सएमपी आणि एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी एक्सपो ही योजना आणली. या प्रोफाइलमध्ये जेडेकच्या मानक मूल्यांपेक्षा अधिक वेग, आखूड वेळमापे आणि वाढीव विद्युतदाब नोंदलेला असतो. डीडीआर४ च्या अनेक प्रोफाइलांत १.२ ऐवजी १.३५ व्होल्टची नोंद असते.

वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग पुष्कळदा प्रोफाइलचा असतो, मानकाचा नव्हे. डीडीआर४-३२०० सीएल१६ अशा प्रोफाइलचा विलंब केवळ १० नॅनोसेकंद असतो. असे मॉड्यूल वर उल्लेखिलेल्या २४०० सीएल१७ मॉड्यूलबरोबर बसवून प्रोफाइल चालू ठेवल्यास, काही मदरबोर्ड तीच मूल्ये दोन्ही मॉड्यूलांना लागू करतात. तेव्हा सुमारे १४ नॅनोसेकंदांची हमी असलेल्या मॉड्यूलकडून १० नॅनोसेकंदांत उत्तर अपेक्षिले जाते. शिवाय डीडीआर४ मध्ये सर्व स्लॉटना एकच विद्युतदाब मिळत असल्याने एका मॉड्यूलसाठी वाढवलेला दाब दुसऱ्यालाही सोसावा लागतो. डीडीआर५ मध्ये दाब नियंत्रित करणारी चिप मॉड्यूलवरच असते. परंतु वेग आणि वेळमापे तेथेही सामाईकच राहतात.

### रँक आणि चिपांची रचना

डीडीआर४ पर्यंतच्या साध्या मॉड्यूलांची विदामार्गिका ६४ बिट रुंद असते. एकाच वेळी मिळून ६४ बिट देणाऱ्या चिपांच्या गटाला रँक म्हणतात. प्रत्येकी ८ बिट देणाऱ्या आठ चिपांनी किंवा प्रत्येकी १६ बिट देणाऱ्या चार चिपांनी एक रँक बनतो. सारख्याच क्षमतेची दोन मॉड्यूले एक एक-रँकी आणि दुसरे दोन-रँकी असू शकतात. रँक वाढले की नियंत्रकावरील विद्युतभार वाढतो आणि गाठता येणारा कमाल वेग कमी होतो.

एकाच नावाने विकली जाणारी मॉड्यूलेही आतून सारखी असतीलच असे नाही. डीरॅम चिपांचे उत्पादन प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या कंपन्यांच्या हाती आहे. मॉड्यूल जोडणाऱ्या अन्य कंपन्या चिपा विकत घेतात आणि उपलब्धतेनुसार त्या बदलूही शकतात. म्हणून सहा महिन्यांनी घेतलेले, तोच उत्पादन क्रमांक असलेले मॉड्यूल वेगळ्या चिपांचे निघू शकते. याच कारणाने दोन किंवा चार मॉड्यूलांचा संच एकत्र तपासून विकला जातो. दोन स्वतंत्र संच एकत्र केल्यास त्या तपासणीची हमी उरत नाही.

### मॉड्यूलांची संख्या आणि स्लॉटची निवड

बहुतेक डेस्कटॉप मदरबोर्डांवर दोन मार्गिका आणि प्रत्येक मार्गिकेवर दोन स्लॉट असतात. चारही स्लॉट भरल्यावर संकेतांची गुणवत्ता घटते. एएमडीने रायझन ७००० श्रेणीतील डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी दोन मॉड्यूलांसह डीडीआर५-५२०० आणि चार मॉड्यूलांसह केवळ डीडीआर५-३६०० इतका वेग अधिकृतपणे मान्य केला आहे. म्हणजेच चारही मॉड्यूले निर्दोष असूनही, दोन मॉड्यूलांसह चालणारा वेग चार मॉड्यूलांसह अस्थिर ठरू शकतो.

पुष्कळ मदरबोर्डांवर एका मार्गिकेचे दोन स्लॉट एकामागून एक जोडलेले असतात. अशा रचनेत शेवटचा स्लॉट रिकामा ठेवल्यास वाहिनीच्या मोकळ्या टोकावरून संकेत परावर्तित होऊन मूळ संकेतात मिसळतात. म्हणून दोन मॉड्यूले असल्यास ती बहुधा प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवण्यास सांगितलेले असते. अंतिम निर्णय मात्र मदरबोर्डच्या पुस्तिकेवरून घ्यावा.

### असमान क्षमता

८ आणि ४ गिगाबाइटची मॉड्यूले एकत्र बसवणे हा स्वतःहून दोष नव्हे. अनेक नियंत्रक अशा वेळी दोन्हींतील ४-४ गिगाबाइट दुहेरी मार्गिकेत आणि उरलेले ४ गिगाबाइट एकेरी मार्गिकेत चालवतात. इंटेलने या पद्धतीला फ्लेक्स मोड हे नाव दिले. यात कामगिरी काहीशी असमान होते, परंतु केवळ या कारणाने संगणक कोसळू नये. मॉड्यूलची क्षमता नियंत्रकाच्या किंवा मदरबोर्डच्या कमाल मर्यादेपेक्षा अधिक असल्यास मात्र ते ओळखलेच जात नाही किंवा संगणक सुरू होत नाही.

### नोंदणीकृत आणि ईसीसी मॉड्यूले

सर्व्हरमधून काढलेली जुनी मॉड्यूले स्वस्तात मिळतात. त्यांतील बरीचशी नोंदणीकृत, म्हणजे आरडीआयएमएम प्रकारची असतात. ती साध्या मॉड्यूलांबरोबर मिसळता येत नाहीत आणि सामान्य डेस्कटॉप संगणकात चालत नाहीत. डीडीआर४ मध्ये ती स्लॉटमध्ये बसतात, त्यामुळे फसगत होण्याचा संभव असतो. नोंदणीकृत नसलेली ईसीसी मॉड्यूले काही मदरबोर्डांवर साध्या मॉड्यूलांसोबत चालतात. पण त्या स्थितीत त्रुटी सुधारण्याची सोय बंद होते. डीडीआर५ चिपांमध्ये अंतर्गत त्रुटीसुधारणा असली तरी ती चिप आणि प्रोसेसर यांमधील वाहतुकीत घडणाऱ्या चुका सुधारत नाही, म्हणून तिला पूर्ण ईसीसीचा पर्याय मानता येत नाही.

## लक्षणे

स्मृतीतील चुकीचे पर्यवसान कशात होईल, हे बिघडलेला बिट कोणाच्या मालकीचा होता यावर अवलंबून असते. तो संचालन प्रणालीच्या गाभ्यातील पत्ता असेल तर संपूर्ण संगणक कोसळतो. एखाद्या प्रोग्रामचा असेल तर तेवढा प्रोग्राम बंद पडतो. चित्रातील एका ठिपक्याचा असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. यामुळेच लक्षणे विस्कळीत आणि परस्परांशी संबंध नसलेली भासतात.

* संगणक सुरू न होणे, ठरावीक क्रमाने बीप वाजणे किंवा मदरबोर्डवरील डीरॅम असे लिहिलेला दिवा पेटून राहणे.
* सुरू होताना वारंवार आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे.
* विंडोजमध्ये निळा पडदा येणे आणि त्यावर दर वेळी वेगळे कारण दिसणे. मेमरी मॅनेजमेंट आणि पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया ही त्यांतील परिचित नावे होत.
* लिनक्समध्ये कर्नल पॅनिक होणे, किंवा मोठा प्रोग्राम संकलित करताना दर वेळी वेगळ्या ठिकाणी सेगमेंटेशन फॉल्ट येणे.
* मोठ्या संकुचित फायली उघडताना तपासणी-बेरीज न जुळणे.
* संचालन प्रणालीची स्थापना मध्येच अपयशी होणे.

बिघाडाचे ठिकाण दर वेळी बदलत असेल तर स्मृतीवर संशय घेण्यास सबळ कारण असते. एकाच प्रोग्राममधील एकाच कृतीने दर वेळी तोच बिघाड होत असेल, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये किंवा चालकप्रणालीत असण्याचा संभव अधिक. वीजपुरवठा पेटी, प्रोसेसरचे तापमान आणि साठवण तबकडी यांच्या बिघाडांतही यांतील काही लक्षणे दिसतात.

डीडीआर५ असलेला संगणक नवे मॉड्यूल बसवल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना काही मिनिटे काळा पडदा दाखवू शकतो. तो मेमरी ट्रेनिंगचा काळ असतो. त्या वेळी घाईने वीज बंद करू नये.

## निदान

### पूर्वतयारी

निदानाचा पहिला टप्पा महत्त्वाच्या फायली सुरक्षित करण्याचा होय. परंतु संशयित स्मृतीवरून प्रती काढल्यास त्या प्रतीच सदोष होऊ शकतात. म्हणून नवे मॉड्यूल काढून, पूर्वी स्थिर असलेल्या जुळणीवर संगणक आणून मगच प्रत काढावी. जुन्या, चांगल्या प्रतीवर नवी प्रत लिहू नये. याच कारणाने स्मृतीची शहानिशा होण्यापूर्वी संचालन प्रणाली पुन्हा स्थापित करणे, फाइल प्रणाली दुरुस्त करणारी साधने चालवणे किंवा बायोस अद्ययावत करणे टाळावे. बायोस लिहिताना संगणक कोसळल्यास मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते.

मॉड्यूल काढण्यापूर्वी संगणक बंद करून वीजजोड काढावा. लॅपटॉपमध्ये शक्य असल्यास बॅटरीही विलग करावी. अंगावरील स्थिर विद्युत जाऊ देण्यासाठी धातूच्या सांगाड्याला स्पर्श करावा आणि मॉड्यूल कडांनीच धरावे. संपर्कपट्टी खोडरबराने घासण्याचा प्रघात दुरुस्तीच्या दुकानांत आढळतो. त्याने मळ निघतो खरा, पण सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि खोडरबराचे कण स्लॉटमध्ये जाऊ शकतात. त्याऐवजी धागे न सुटणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणे अधिक सुरक्षित असते.

### क्रमवार तपासणी

१. सर्व मॉड्यूले काढून पुन्हा बसवावीत. बाजूच्या कड्या पूर्ण लागल्याची खात्री करावी. अर्धवट बसलेले मॉड्यूल हे बिघाडाचे सर्वांत साधे कारण होय.

२. बायोसमधील मूल्ये मूळ स्थितीत आणावीत आणि एक्सएमपी किंवा एक्सपो बंद करावे. पडदाच दिसत नसेल तर मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे सीमॉस स्मृती पुसावी. एवढ्याने बिघाड थांबल्यास मॉड्यूले सदोष नसून त्यांच्याकडून केलेली अपेक्षा अवाजवी होती, असा निष्कर्ष निघतो.

३. प्रत्येक मॉड्यूल एकटे, एकाच ठरावीक स्लॉटमध्ये बसवून तपासावे. एकच मॉड्यूल दर वेळी चुका देत असेल तर दोष त्या मॉड्यूलात असतो.

४. निर्दोष ठरलेले मॉड्यूल आळीपाळीने प्रत्येक स्लॉटमध्ये बसवून पाहावे. एकाच स्लॉटमध्ये चुका आल्यास स्लॉट, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या बैठकीतील संपर्क यांत दोष संभवतो.

५. प्रत्येक मॉड्यूल एकटे निर्दोष आणि प्रत्येक स्लॉटही निर्दोष, पण एकत्र बसवताच चुका, अशी स्थिती असल्यास ती खरी विसंगती होय.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि निकाल लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

### चाचणी साधने

मेमटेस्ट८६ हे साधन ख्रिस ब्रेडी यांनी १९९० च्या दशकात तयार केले. पुढे त्यापासून मेमटेस्ट८६+ हे मुक्त स्रोत साधन निघाले. त्याची यूईएफआय प्रणालीवर चालणारी, नव्याने लिहिलेली सहावी आवृत्ती २०२२ मध्ये आली. दोन्ही साधने यूएसबी पेनड्राइव्हवरून, संचालन प्रणाली सुरू न करता चालतात. त्यामुळे संचालन प्रणालीने एरवी व्यापलेला भागही तपासता येतो. विंडोजमध्ये व्हिस्टापासून विंडोज मेमरी डायग्नोस्टिक अंगभूत आहे. त्याची तपासणी तुलनेने सौम्य असते.

चाचणीची किमान एक फेरी पूर्ण होऊ द्यावी. अधूनमधून येणाऱ्या बिघाडासाठी ती रात्रभर चालू ठेवावी. स्मृतीच्या बाबतीत एक चूकही क्षम्य नसते. उलटपक्षी, चूक न आढळणे हा निर्दोषत्वाचा अंतिम पुरावा ठरत नाही, कारण प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि स्मृती एकाच वेळी तापलेली असताना उद्भवणारे दोष या चाचणीत सुटू शकतात.

चाचणीत दाखवलेल्या पत्त्यावरून सदोष मॉड्यूल ओळखण्याचा मोह होतो. दुहेरी मार्गिकेत लागोपाठचे पत्ते दोन्ही मॉड्यूलांत वाटलेले असल्याने हा तर्क फसवा ठरतो. मॉड्यूले वेगवेगळी तपासणे हाच खात्रीचा मार्ग होय.

मॉड्यूलांची तुलना करण्यासाठी विंडोजमध्ये सीपीयू-झेड, तर लिनक्समध्ये डीएमआयडीकोड ही साधने उपयोगी पडतात. त्यांतून उत्पादक, क्षमता, रँक आणि प्रत्यक्षात चालू असलेला वेग कळतो. सीपीयू-झेड आवर्तनाची वारंवारता दाखवते. डीडीआर स्मृती एका आवर्तनात दोनदा विदा पाठवत असल्याने तेथे १६०० मेगाहर्ट्झ दिसल्यास वेग ३२०० समजावा.

## उपाय

विसंगती सिद्ध झाल्यावर पुढील उपाय सौम्य ते कठोर या क्रमाने योजले जातात.

* बायोस अद्ययावत करणे. मदरबोर्ड उत्पादक नव्या आवृत्तीत स्मृतीची सुसंगती सुधारतात. हे काम एकच निर्दोष मॉड्यूल बसवून करावे.
* वेग कमी करणे. प्रोफाइल बंद ठेवून सर्वांत मंद मॉड्यूलचा मानक वेग निश्चित करावा. तरीही चुका आल्यास आणखी एक पायरी खाली यावे. दैनंदिन कामात या घटीचा परिणाम बहुधा अल्प असतो.
* वेळमापे सैल करणे. प्रत्येक मापासाठी सर्व मॉड्यूलांतील सर्वांत मोठे नॅनोसेकंद मूल्य घेऊन ते आवर्तनांत रूपांतरित करावे आणि अपूर्णांक आल्यास वरचा पूर्णांक धरावा.
* स्लॉटची जुळणी बदलणे. सारखी मॉड्यूले वेगवेगळ्या मार्गिकांच्या समान क्रमांकाच्या स्लॉटमध्ये बसवल्यास दोन्ही मार्गिकांवरील भार सारखा होतो.
* विद्युतदाब बदलणे. हा उपाय उत्पादकाने नोंदवलेल्या मर्यादेतच करावा. अवाजवी दाबाने मॉड्यूल किंवा प्रोसेसरमधील नियंत्रक कायमचा निकामी होऊ शकतो.
* मिश्रण टाळणे. वरील उपायांनी स्थिरता न आल्यास एकच तपासलेला संच वापरणे हाच योग्य निर्णय ठरतो. ८ गिगाबाइट स्थिर स्मृती ही १६ गिगाबाइट अस्थिर स्मृतीपेक्षा अधिक उपयुक्त असते.

अनेक लॅपटॉपमध्ये वेग आणि वेळमापे बदलण्याची सोय नसते. काहींत स्मृतीचा एक भाग मदरबोर्डवरच जडवलेला असून एकच स्लॉट मोकळा असतो. तेथे मिश्रण अटळ असल्याने जडवलेल्या स्मृतीची पिढी, वेग आणि विद्युतदाब आधी तपासून त्याला जुळणारे मॉड्यूल निवडावे लागते.

## विदेची मूक हानी

संगणक कोसळणे ही या बिघाडाची उघड बाजू होय. तिची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. फाइल वाचताना आणि लिहिताना तिची विदा प्रथम स्मृतीत येते. तेथे एखादा बिट उलटला तर बदललेली विदाच तबकडीवर लिहिली जाते. तबकडीच्या दृष्टीने हे लेखन यशस्वीच असते, त्यामुळे कोणताही संदेश येत नाही. छायाचित्रातील रंगीत पट्टा, न उघडणारा प्रबंध किंवा हिशेबाच्या तक्त्यातील बदललेला आकडा अनेक महिन्यांनी समोर येतो आणि तोपर्यंत जुन्या प्रतींवरही नव्या, सदोष प्रती लिहिल्या गेलेल्या असू शकतात.

स्मृतीतील चुका हा केवळ तात्त्विक धोका नाही. गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास करून २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलांत सुधारता येण्याजोग्या चुका आढळल्या. त्या सर्व्हरांत ईसीसी असल्याने त्या चुका मोजता आल्या. घरगुती संगणकांत बहुधा ईसीसी नसते. तेथे अशा चुका मोजल्या जात नाहीत, केवळ त्यांचे परिणाम दिसतात.

म्हणून मिश्रणामुळे अस्थिर झालेला संगणक दुरुस्त झाल्यावर, बिघाडाच्या काळात लिहिलेल्या महत्त्वाच्या फायली तपासाव्यात. मूळ प्रत अन्यत्र उपलब्ध असल्यास दोन्हींच्या तपासणी-बेरजा ताडून पाहता येतात. संचालन प्रणालीची स्थापना त्याच काळात झाली असेल, तर ती नव्याने करणे श्रेयस्कर ठरते.

## खरेदीपूर्वी घ्यावयाची काळजी

स्मृती वाढवताना शक्य असल्यास आवश्यक तेवढ्या एकूण क्षमतेचा एकच संच घ्यावा. जुने मॉड्यूल ठेवायचे असल्यास त्यावरील पट्टीचे छायाचित्र काढून पिढी, क्षमता, मानक वेग, विद्युतदाब, रँक आणि चिपांची रुंदी या बाबी जुळतात का ते पाहावे. पट्टीवरील पीसी४-२५६०० यासारखी संज्ञा वेगच दर्शवते. २५६०० ला ८ ने भागले असता ३२०० हा आकडा मिळतो. मदरबोर्ड उत्पादकाच्या संकेतस्थळावर तपासलेल्या मॉड्यूलांची यादी असते. यादीत नाव नसणे म्हणजे मॉड्यूल चालणार नाही असे नव्हे. तसेच नाव असले तरी हमी यादीत नमूद केलेल्या संख्येपुरतीच असते.

वापरलेली मॉड्यूले घेताना परत करण्याची मुदत ठरवून घ्यावी आणि त्या मुदतीतच पूर्ण चाचणी करावी.

## हे सुद्धा पहा

* रॅम
* डीडीआर एसडीरॅम
* मदरबोर्ड
* बायोस
* त्रुटीसुधारक संकेतन